कृत्तिकांमधले थंड तारे कसे ओळखायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आणि सांगलीत आकाशदर्शनाला येणारी मुलं, त्यांचे पालक, काही शिक्षक, आणि हल्ली घरी बसून डेटा बघणारे बरेच जण मला तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांब झालीत कारण विषयच तसा आहे, घाई असेल तर हवा तो प्रश्न शोधून तेवढंच वाचा.

कृत्तिकाच का घेतल्या? एवढे तारकागुच्छ आहेत की.

कारण आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही कृत्तिका माहीत असतात. मे महिन्यात सूर्य कृत्तिका नक्षत्रात जातो, मग रोहिणी, मग मृग, हे पावसाचं गणित माण-खटावच्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. दुसरं कारण शास्त्राचं आहे. हा गुच्छ जवळ आहे, साधारण १३६ पार्सेक म्हणजे ४४० च्या आसपास प्रकाशवर्षं, आणि वयाने तरुण आहे, सुमारे १२ कोटी वर्षांचा. मधे धूळही कमी. फोटोत जो निळा धूर दिसतो तो गुच्छाच्या जन्माच्या वेळचा उरलेला ढग नाही, गुच्छ सध्या वाटेतल्या एका ढगातून चाललाय आणि ताऱ्यांचा उजेड त्या धुळीवर पडतोय एवढंच. थंड सदस्य शोधायला शिकायचं असेल तर सुरुवात इथूनच करा असं मी सगळ्यांना सांगतो.

थंड तारा म्हणजे किती थंड? तारा थंड कसा असेल?

बाकीच्या ताऱ्यांच्या मानाने थंड. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५८०० केल्विन, कृत्तिकांमधली सगळ्यात ठळक अल्सायनी १२ हजारांच्या वर, आणि आपण ज्यांना थंड म्हणतोय ते एम वर्गाचे तारे साधारण २४०० ते ३९०० केल्विनमधले. म्हणजे लोखंड वितळेल इतके गरम आहेतच. वस्तुमान सूर्याच्या साठ टक्क्यांपासून खाली पार आठ टक्क्यांपर्यंत. त्याच्याही खाली तपकिरी बटू येतात, म्हणजे पोटात हायड्रोजन कायमचा पेटता ठेवायला वजन पुरत नाही असे, गुरूच्या ७५ ते ८० पटीच्या खालचे.

आपल्या आकाशगंगेतले सत्तर टक्क्यांच्या वर तारे या एम वर्गातले बटू, म्हणजे आकाराने लहान तारे, आहेत आणि त्यातला एकही नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही. म्हणजे गुच्छाची खरी वस्ती या थंड ताऱ्यांचीच, ठळक सहा-सात ताऱ्यांवरून गुच्छाचा अंदाज बांधला तर बहुतेक सगळी वस्ती मोजायचीच राहून जाते.

मग साताऱ्यातून हे थंड तारे दिसतील का?

डोळ्यांनी नाही. आकडे बघा. सूर्य उचलून कृत्तिकांच्या अंतरावर ठेवला तर तो साधारण साडेदहाव्या प्रतीचा दिसेल (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक), म्हणजे त्यालाच दुर्बीण लागेल. एम वर्गातला सगळ्यात गरम तारा तिथे साडेचौदाव्या प्रतीच्या आसपास आणि एम-५ च्या पुढचे (एम-० सगळ्यात गरम, पुढचा आकडा वाढेल तसा तारा थंड) सतराव्या प्रतीच्याही खाली. आठ इंची दुर्बिणीतून चांगल्या अंधारात डोळ्याला चौदावी प्रत कशीबशी लागते. पण त्याच दुर्बिणीला कॅमेरा लावून बरेच फोटो एकावर एक रचले तर मात्र यातले खूप तारे उमटतात, त्याबद्दल खाली लिहिलंय.

गुच्छाच्या फोटोत एखादा लाल तारा मधोमध दिसतोय, म्हणजे तो सदस्यच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. आकाशात जवळ दिसणं आणि खरंच जवळ असणं यात काही संबंध असेलच असं नाही. शेजारचंच उदाहरण घ्या ना. रोहिणीचा लालसर ठळक तारा हायडीज नावाच्या गुच्छाच्या अगदी अंगावर बसलेला दिसतो, कुणालाही वाटेल की गुच्छाचा म्होरक्या हाच. पण रोहिणी आपल्यापासून साधारण ६५ प्रकाशवर्षांवर आहे आणि हायडीज १५० च्या वर, म्हणजे तो अर्ध्या वाटेतच उभा आहे. एवढ्या ठळक ताऱ्याच्या बाबतीत जर असं होतं तर सतराव्या प्रतीच्या ठिपक्याचं काय घेऊन बसलात, कृत्तिकांच्या भोवती पाच अंशांच्या वर्तुळात लाखांनी तारे आहेत आणि त्यातले खरे सदस्य हजार-दीड हजाराच्या घरात.

मग सदस्य ठरवायचा कसा?

सदस्य म्हणजे एकाच ढगातून, जवळपास एकाच वेळी जन्मलेला आणि अजून बरोबर चाललेला तारा. यातून चार कसोट्या निघतात: सगळ्यांची आकाशातली चाल सारखी, अंतर सारखं, वय सारखं, आणि रंग व तेज एका ठरावीक रेषेवर बसणारे. थंड ताऱ्यांच्या बाबतीत माझं ठाम मत आहे की यातली कुठलीही एक कसोटी एकटी पुरत नाही, दोनसुद्धा कधीकधी पुरत नाहीत, आणि जो कोणी एकाच कसोटीवर यादी करतो त्याच्या यादीतले अंधुक तारे मी आधी संशयाने बघतो.

प्रॉपर मोशन म्हणजे काय ते जरा सोपं करून सांगा.

प्रॉपर मोशन म्हणजे ताऱ्याची आकाशातली आडवी चाल. जूनच्या अखेरीला-जुलैला माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी आपल्या जिल्ह्यातून जाते तेव्हा लोणंदच्या बाजारात किती गर्दी असते बघा. बाजारहाटाला आलेले, एसटीला थांबलेले, नुसते बघे, आणि त्यातच वारकरी. आता वरून, टाळ-पताका काही न बघता, फक्त कोण कुठं चाललंय एवढंच बघितलं तरी दिंडी वेगळी काढता येते, कारण दिंडीतले सगळे एकाच दिशेला एकाच चालीने जातायत आणि बाकीचे वाट्टेल तिकडे. त्याच वेळी त्याच दिशेने निघालेला एखादा भाजीवाला मात्र दिंडीत धरला जाईल, आणि तोच आपला खरा त्रास.

कृत्तिकांची चाल वर्षाला साधारण २० मिलिआर्कसेकंद पूर्वेला आणि ४५ दक्षिणेला अशी आहे. मिलिआर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा छत्तीस लाखावा भाग. एकूण चाल धरली तर पन्नास वर्षांत जेमतेम अडीच आर्कसेकंद सरकतात. १३६ पार्सेक अंतराने हिशोब केला तर हा आडवा वेग सेकंदाला ३२ किलोमीटरच्या आसपास येतो. सदस्यांच्या आपापसातल्या वेगातला फरक मात्र सेकंदाला एक किलोमीटरहूनही कमी, म्हणून तर चालीच्या ग्राफवर त्यांचा घट्ट ठिपका दिसतो आणि बाकीचे तारे पसरलेले दिसतात. पूर्वी हे सगळं फोटोच्या काचांवरून करायचे, वीस-तीस वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन काचा मोजायच्या. ट्रम्पलरने १९२१ च्या सुमाराला आणि हर्ट्झस्प्रुंगने १९४७ मध्ये केलेल्या याद्यांचे नंबर आजही ताऱ्यांच्या नावात वापरतात.

गाया आल्यावर हे सगळं सोपं झालं ना?

ठळक आणि मध्यम ताऱ्यांसाठी हो, फारच सोपं झालं. गाया हे युरोपियन स्पेस एजन्सीचं यान डिसेंबर २०१३ मध्ये गेलं आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत मोजत राहिलं. जून २०२२ ला आलेल्या तिसऱ्या डेटा रिलीजमध्ये १८० कोटींच्या वर ताऱ्यांची नोंद आहे आणि सगळा डेटा फुकट. आधी ज्या कामाला माणसाचं अर्धं आयुष्य जायचं ते आता कराडच्या कॉलेजातली मुलगी एका दुपारी करू शकते, हे मला खरंच फार मोठं वाटतं.

पण थंड ताऱ्यांच्या बाबतीत एक लक्षात ठेवायचं. गायाची अचूकता ताऱ्याच्या तेजावर अवलंबून आहे. पॅरलॅक्स म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जेवढा सरकलेला दिसतो तो कोन, त्यावरून अंतर काढतात. पंधराव्या प्रतीपर्यंत पॅरलॅक्समधली चूक ०.०२ ते ०.०३ मिलिआर्कसेकंद, सतराव्याला ०.०७, आणि विसाव्याला एकदम ०.५. चालीचंही जवळजवळ तसंच. आपले थंड सदस्य नेमके या शेवटच्या टोकाला असतात. म्हणजे ज्यांना कसोटीची जास्त गरज त्यांच्याच बाबतीत कसोटी बोथट होते, आणि एकविसाव्या प्रतीच्या आसपास गायाला दिसणंच बंद होतं. कृत्तिकांमधले तपकिरी बटू बरोबर या काठावर आहेत.

पॅरलॅक्स किती घ्यायचा?

गुच्छाचा सरासरी पॅरलॅक्स ७.३६ मिलिआर्कसेकंदांच्या आसपास आहे. याच्यावरून एके काळी मोठा वाद झाला होता. हिप्पार्कस यानाने १९९७ च्या यादीत कृत्तिकांचं अंतर १२० पार्सेकच्या आत काढलं, आणि ते खरं मानलं तर तिथले तारे त्यांच्या रंगाच्या मानाने अंधुक ठरत होते, म्हणजे ताऱ्यांचं शास्त्रच कुठेतरी चुकतंय असं वाटायला लागलं. २०१४ मध्ये रेडिओ दुर्बिणी जोडून घेतलेल्या मापाने १३६ आलं आणि मग गायानेही तेच सांगितलं.

आता मर्यादा किती ठेवायची ते बघा. गुच्छाला स्वतःची जाडी आहे. आकाशगंगेच्या ओढीपुढे गुच्छ आपले तारे साधारण १२ पार्सेकपर्यंत धरून ठेवू शकतो, म्हणजे मधल्या आणि काठावरच्या ताऱ्यात पॅरलॅक्सचा ०.६ च्या वर फरक नुसता जागेमुळे पडतो. त्यात मापाची चूक मिळवा. म्हणून सगळ्यांना एकच मर्यादा लावू नका, प्रत्येक ताऱ्याची स्वतःची चूक बघून मर्यादा सैल-घट्ट करा. सगळ्यांना घट्ट मर्यादा लावली की थंड तारे सगळ्यात आधी गळतात आणि मग लोक म्हणतात गुच्छात थंड तारे कमी आहेत. ते कमी नसतात, तुम्हीच गाळलेले असतात.

रंग आणि प्रतीचा ग्राफ काढला, पण खालच्या टोकाला सगळं विस्कटलंय. असं का?

बहुतेकांचं हेच होतं आणि कारण एकच नाही.

पहिलं म्हणजे गायाच्या निळ्या पट्ट्यात, बीपीमध्ये, थंड ताऱ्याचा उजेडच जवळजवळ नसतो. अंधुक लाल ताऱ्याचा बीपी मोजताना मागच्या आकाशाचा उजेड मिसळून आकडा फुगतो आणि तारा आहे त्यापेक्षा निळा दिसतो, म्हणजे ग्राफवर डावीकडे सरकतो. उपाय साधा आहे, खालच्या टोकाला बीपी-आरपी न घेता जी-आरपी घ्या (आरपी म्हणजे गायाचा लाल पट्टा, जी म्हणजे सगळा उजेड मिळून). रेषा लगेच बारीक होते.

दुसरं कारण जोडतारे. दोन सारखे तारे इतके जवळ असतील की एकच ठिपका दिसतो, तर रंग तोच राहतो आणि तेज दुप्पट, म्हणजे ०.७५ प्रतीने वर. म्हणून मुख्य रेषेच्या वर एक समांतर अंधुक रेषा दिसते, ती चूक नाही. ते सदस्यच आहेत, त्यांना काढू नका.

तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. हलके तारे मोठे व्हायला फार वेळ घेतात. सूर्यासारखा तारा काही कोटी वर्षांत आकसून आपल्या कायमच्या जागी येतो, पण सूर्याच्या दहा टक्के वस्तुमानाच्या ताऱ्याला त्यासाठी कितीतरी जास्त, दहा कोटींच्या कितीतरी पट वर्षं लागतात. १२ कोटी वर्षांच्या कृत्तिकांमध्ये एम-४ च्या खालचे तारे अजून आकसतच आहेत, म्हणून ते त्याच रंगाच्या म्हाताऱ्या ताऱ्यांपेक्षा थोडे फुगलेले आणि तेजस्वी. म्हणजे रेषेच्या वर असणं हाच तरुणपणाचा पुरावा ठरतो. पण एम-० ते एम-२ वाल्यांना हे लागू नाही, ते जवळपास जागेवर पोचलेत, त्यांच्यात तरुण आणि म्हातारा एकाच रेषेवर असतात.

आणि मॉडेलची रेषा ताऱ्यांवर तंतोतंत बसली नाही तर घाबरू नका. तरुण एम ताऱ्यांवर चुंबकीय डाग भरपूर असतात, त्यामुळे रंग आणि आकार दोन्ही बदलतात. मी तर मॉडेलपेक्षा पक्क्या सदस्यांनी स्वतः आखलेली रेषा वापरा असंच सांगेन.

लाल दिसला म्हणजे थंड, बरोबर ना?

लाल दिसायची दोन कारणं असू शकतात, तारा थंड आहे किंवा मधे धूळ आहे. मागे लांब असलेला गरम तारा धुळीमागून लाल दिसतो. शिवाय तांबडे राक्षसी तारे असतात, हजारो प्रकाशवर्षं लांब, पण स्वतः इतके तेजस्वी की आपल्या थंड बटूंच्या प्रतीचेच दिसतात. पॅरलॅक्स चांगला असेल तर राक्षसी तारा लगेच पकडला जातो कारण त्याचा पॅरलॅक्स जवळजवळ शून्य येतो. पॅरलॅक्स चांगला नसेल तर वर्णपट घ्यावा लागतो, म्हणजे ताऱ्याचा उजेड रंगारंगांत फोडून बघावा लागतो. सोडियमच्या ८१८.३ आणि ८१९.५ नॅनोमीटरच्या दोन रेषा बटूंमध्ये जाड असतात आणि राक्षसी ताऱ्यांमध्ये बारीक, कारण बटूच्या पृष्ठभागावर गुरुत्व जास्त. थंडपणाची खूण म्हणजे टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद पट्टे, ते वर्णपटात दिसले की एम वर्ग नक्की, धुळीमुळे ते तयार होत नाहीत.

लिथियमची कसोटी काय असते? सगळे तिचंच नाव घेतात.

नाव घेण्यासारखीच आहे. लिथियम फार नाजूक, साधारण २५ लाख केल्विनला जळून जातो. हलका तारा आतून बाहेरपर्यंत सतत ढवळला जात असतो, म्हणजे वरचा लिथियमही कधी ना कधी मधल्या भट्टीत जातोच. मधलं तापमान २५ लाखांवर गेलं की थोड्या काळात सगळ्या ताऱ्यातला लिथियम संपतो. तारा जितका हलका तितकं ते तापमान गाठायला उशीर, आणि गुरूच्या साधारण ६० पटीच्या खालचे तपकिरी बटू ते कधीच गाठत नाहीत. मग एका ठरावीक वयाच्या गुच्छात एक सीमा तयार होते, तिच्या वरच्या एम ताऱ्यांचा लिथियम संपलेला आणि खालच्यांचा शिल्लक. वर्णपटात ६७०.८ नॅनोमीटरला रेष आहे का नाही एवढंच बघायचं.

कृत्तिकांमध्ये ही सीमा सापडली आणि १९९८ मध्ये तिच्यावरून गुच्छाचं वय साडेबारा कोटी वर्षं निघालं, त्याआधी बरेच जण त्याला बरंच लहान समजत होते. टेइडे-१ हा पहिल्या पक्क्या तपकिरी बटूंपैकी एक, १९९५ मध्ये कृत्तिकांमध्येच सापडला, तोही टेनेरिफ बेटावरच्या ८० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून. पीपीएल-१५ नावाच्या दुसऱ्या एकात लिथियम सापडला आणि पुढे कळलं की ते दोन तपकिरी बटू एकमेकांभोवती फिरतायत.

इथे एक गोष्ट लोक उलटी लावतात. कृत्तिकांमधल्या एम-३ मध्ये लिथियम नाही म्हणून तो सदस्य नाही, असं म्हणायचं नाही, कारण त्या वयाला एम-३ मधला लिथियम संपलेलाच असणार. लिथियम असणं हा तरुणपणाचा जबरदस्त पुरावा, पण नसणं हा पुरावा आहे का नाही ते ताऱ्याच्या वर्गावर आणि गुच्छाच्या वयावर ठरतं. सिग्मा ओरायनिससारख्या तीन-पाच दशलक्ष वर्षांच्या गुच्छात मात्र एम ताऱ्यात लिथियम नसेल तर तो बाहेरचाच समजा.

वर्णपट मिळवणं आपल्या हातात नाही. दुसरी काही तरुणपणाची खूण?

आहे, फिरण्याचा वेग. तरुण एम तारे भन्नाट फिरतात, कृत्तिकांमधले कित्येक तर एका दिवसाच्या आत एक गिरकी पूर्ण करतात. आपल्या सूर्याला २५ दिवसांच्या वर लागतात आणि म्हाताऱ्या एम ताऱ्यांना कधीकधी शंभर. ताऱ्यावर डाग असतात म्हणून गिरकीबरोबर तेज किंचित कमी-जास्त होतं आणि तेवढ्यावरून काळ काढता येतो. केपलर यानाने के-२ मोहिमेत २०१५ मध्ये कृत्तिकांकडे बघितलं होतं, तो डेटाही खुला आहे. टेस यानाचाही आहे, फक्त टेसचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा, शेजारचा तारा त्यात मिसळतो ते तपासा.

बाकी हायड्रोजन-अल्फाची उत्सर्जन रेष, क्ष-किरण, अचानक होणारे भडके, हे पण तरुण एम ताऱ्यात असतं. पण बरेच म्हातारे एम-५, एम-६ तारेसुद्धा भडकतात, म्हणून याला मी जोडीचा पुरावा धरतो, मुख्य नाही.

गाया संपतं तिथून पुढे काय?

इन्फ्रारेड. थंड तारा आपला बहुतेक उजेड तिथेच टाकतो. टूमास सर्व्हेने १९९७ ते २००१ मध्ये ॲरिझोना आणि चिलीतल्या दोन १.३ मीटर दुर्बिणींनी सगळं आकाश १.२५, १.६५ आणि २.१७ मायक्रॉनला टिपलं. त्याच्यापेक्षा खोल म्हणजे युकिड्स, त्यात गुच्छांसाठी वेगळा सर्व्हे होता आणि कृत्तिका त्यात आहेत. वाईज यानाचे ३.४ आणि ४.६ मायक्रॉनचे आकडेही घ्या. टूमासची जागा आणि नंतरच्या सर्व्हेतली जागा यातल्या वर्षांच्या फरकातून चाल स्वतः काढता येते, गायाएवढी बारीक नाही पण काम होतं.

घरी लॅपटॉपवर करायचं असेल तर कुठून सुरू करू?

टॉपकॅट नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, साध्या लॅपटॉपवर चालतं, पायथॉन येत असेल तर अजून बरं. गायाच्या अर्काइव्हमधून विषुवांश ५६.७५ अंश, क्रांती उत्तर २४.१२ अंश (आकाशातले रेखांश-अक्षांशच समजा) हा मध्य धरून पाच अंशांच्या वर्तुळातले तारे मागवा, पण पॅरलॅक्स ६ ते ९ एवढीच अट घालून, नाहीतर फाइल इतकी मोठी येते की गावाकडच्या नेटवर उतरतच नाही. मग आधी चालीचा ग्राफ काढा. २० आणि उणे ४५ च्या आसपास घोळका दिसेल, हे पहिल्यांदा स्वतःच्या स्क्रीनवर बघताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. घोळका निवडा, त्याचाच रंग-प्रतीचा ग्राफ काढा, मग रेषेच्या फार खाली असलेले वेगळे ठेवा. ते बहुतेक बाहेरचे असतात, अधूनमधून त्यात पांढरा बटू निघतो.

रुवे नावाचा एक कॉलम असतो, १.४ च्या वर असेल तर माप नीट बसलं नाही असं धरतात. बरेच जण तसे तारे सरळ फेकून देतात. मी म्हणेन फेकू नका, खूण करून ठेवा, कारण रुवे वाढायचं नेहमीचं कारण जोडतारा असणं हेच आहे आणि तो सदस्य असू शकतो.

यादीत बाहेरचे किती घुसलेत ते कसं कळणार?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मला वाटतं सगळ्यात आधी हाच विचारायला हवा. कृत्तिकांपासून दहा-पंधरा अंश लांब, आकाशगंगेच्या पट्ट्यापासून तेवढ्याच अंतरावरचा, तेवढाच मोठा आकाशाचा तुकडा घ्या. तिथे गुच्छ नाही. त्याला तुमच्या सगळ्या अटी जशाच्या तशा लावा. जितके तारे तिथे पास होतील साधारण तितकेच बाहेरचे तुमच्या यादीतही असणार. हे प्रतीनुसार वेगवेगळं करा. पंधराव्या प्रतीला बाहेरचे अगदी थोडे निघतील आणि एकोणिसाव्या-विसाव्याला आकडा चढलेला दिसेल. यादीबरोबर हा आकडा दिला नसेल तर ती यादी मी अर्धीच समजतो.

प्रोग्रॅमने ७० टक्के शक्यता दाखवली. सदस्य धरू का?

सत्तर म्हणजे सत्तरच लिहा. असे दहा तारे असतील तर त्यातले तीन बाहेरचे. गुच्छात किती तारे हे मोजायचं असेल तर शक्यतांची बेरीज करा, सगळ्यांना पूर्ण सदस्य धरू नका. पण एकाच ताऱ्यावर वर्णपटासाठी मोठ्या दुर्बिणीचा वेळ मागायचा असेल तर ९५ च्या वरचे आधी घ्या.

गुच्छाच्या मध्यापासून किती लांब शोधायचं?

थंड ताऱ्यांसाठी लांबच. गुच्छात एकमेकांच्या ओढीमुळे जड तारे मध्याकडे जातात आणि हलके बाहेर फेकले जातात. पाच अंश म्हणजे वर सांगितलेले १२ पार्सेकच. त्याच्याही बाहेर निसटलेले असतात, हायडीजच्या तर लांबच लांब शेपट्या गायाच्या डेटात २०१९ मध्ये सापडल्या. पण लांब गेलात की बाहेरचेही वाढतात, तिथे वयाचा पुरावा हवाच.

हायडीजवर हीच पद्धत चालेल का?

जशीच्या तशी नाही. हायडीज जवळ आहे, आकाशात खूप पसरलाय, त्यामुळे सगळे तारे खरंच समांतर चालत असूनही एका बिंदूकडे निघाल्यासारखे दिसतात, हे लुईस बॉसने १९०८ मध्ये दाखवलं. तिथे एक ठरावीक चाल धरून चालत नाही. शिवाय वय साठ कोटी वर्षांच्या वर, तरुणपणाच्या बऱ्याच खुणा पुसट झालेल्या. पुष्य नक्षत्रातला गुच्छही साधारण त्याच वयाचा आणि १८५ पार्सेकच्या आसपास. नवीन शिकणाऱ्याने कृत्तिकांनंतर अल्फा पर्सीचा गुच्छ घ्यावा, तो कृत्तिकांहून तरुण आहे.

भारतातून अशा ताऱ्यांचे वर्णपट घेता येतात का?

येतात. लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. नैनितालजवळ देवस्थळला ३.६ मीटरची आहे आणि तिला टॅनस्पेक नावाचं इन्फ्रारेडपर्यंत जाणारं उपकरण जोडलंय, थंड ताऱ्यांसाठी अगदी योग्य. पुण्याच्या आयुकाची दोन मीटरची दुर्बीण पुणे जिल्ह्यात गिरवलीला आहे, आपल्याला सगळ्यात जवळची. एम.एस्सी. करणाऱ्यांनी आपल्या गाइडमार्फत प्रस्ताव पाठवावा, प्रस्ताव चांगला असेल तर गाव बघत नाहीत.

स्वतः निरीक्षण करायचं तर कुठे आणि कधी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आपल्या अक्षांशावरून कृत्तिका जवळजवळ डोक्यावरून जातात, खस्वस्तिकापासून फक्त सहा-सात अंश उत्तरेला, म्हणजे हवेचा थर कमीत कमी. जानेवारीच्या मध्याला रात्री पावणेनऊच्या सुमाराला डोक्यावर असतात, शाळेच्या मुलांना न जागवता दाखवता येतात. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री जाऊ नका, चंद्र कृत्तिकांच्या आसपासच असतो.

जागेचं म्हणाल तर सातारा शहर, एमआयडीसी आणि हायवेच्या उजेडापासून लांब जा. कास-यवतेश्वरचा भाग उंच आहे पण हिवाळ्यात धुकं आणि वन्यप्राणी दोन्ही, आणि पठारावर नियम आहेत ते पाळा. माझी पसंती पूर्वेला, माण-खटावचा कोरडा माळ, दहिवडीच्या पलीकडे. सांगलीकरांनी कृष्णाकाठ सोडून आटपाडी किंवा जतकडे जावं, नदीकाठी हिवाळ्यात धुकं धरतं आणि गाळपाच्या हंगामात हवेत धूरही असतो.

कॅमेऱ्याने काय करायचं? लाल फिल्टर आणि त्याहून लांबचा, साधारण ८०० नॅनोमीटरचा आय फिल्टर, दोन्हीतून फोटो घ्या. गायाच्या यादीतले एम तारे आय फिल्टरमध्ये उठून येतात. एखादा निवडून रात्रभर तेज मोजत राहिलात तर भडका सापडायची शक्यता असते, काही मिनिटांत तेज चढतं आणि हळूहळू उतरतं, निळ्या फिल्टरमध्ये जास्त ठळक.

माझ्या यादीत एक तारा आहे जो जुन्या कुठल्याच यादीत नाही. नवा सदस्य सापडला का?

असू शकतो. आधी सिम्बॅड या ताऱ्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत त्या जागेवर बघा, नाव वेगळं असल्यामुळे सुटला असेल. मग व्हिझिएर या याद्यांच्या ऑनलाइन साठ्यात कृत्तिकांच्या सगळ्या याद्या एकदम शोधा, एका यादीत कमी शक्यतेने असेल आणि दुसरीत नसेल असं खूपदा होतं. अलादीन या आकाशाचे फोटो दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडून शेजारी ठळक तारा आहे का बघा, त्याच्या झगमगाटात अंधुक ताऱ्याचे आकडे बिघडतात, आणि अल्सायनीच्या आसपास तर हमखास. जी-आरपीच्या ग्राफवर आणि इन्फ्रारेडच्या ग्राफवर, दोन्हीकडे रेषेवर बसतो का? के-२ किंवा टेसमध्ये गिरकी दिसते का? एवढं सगळं जमलं तर ताऱ्याचा गाया नंबर, पाचही मापं (जागेची दोन, चालीची दोन आणि पॅरलॅक्स) चुकीसकट, आणि बाहेरचा असायची शक्यता किती ते एका पानावर लिहून वर्णपट घेऊ शकणाऱ्या कुणाकडे तरी पाठवा. वर्णपट येईपर्यंत त्याला उमेदवार म्हणा.